जूचंद्रला दिसलेले बाबा

मर्सीने फोटो पाठवला तेव्हा मी आईशी बिल्डिंगच्या रंगावरून भांडत होते. बोळिंजची आमची बिल्डिंग पिवळी आहे आणि सोसायटीने यंदा ती राखाडी करायचं ठरवलंय. आईने सेक्रेटरीला गाठून सांगितलं की पिवळीच ठेवा, नाहीतर ह्यांना घर ओळखू येणार नाही. सेक्रेटरी भला माणूस. तो तिला काही बोलला नाही, पण मला जिन्यात थांबवून म्हणाला, मॅडम, जरा आईंना समजवा. तर मी समजवायला बसले होते. आई ऐकत होती, म्हणजे खाली मान घालून तांदूळ निवडत होती.

बाबा चौदा महिन्यांपूर्वी हरवले. हरवले म्हटलं की लोकांना वाटतं गर्दीत वगैरे हात सुटला असेल. सुटला नाही, मी सोडला. हिरामण, वय शहात्तर, टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन, विस्मरणाचा आजार. गेल्या वर्षी गणपती होऊन आठवडा झाला होता. मी त्यांना वसईला डॉक्टरांकडे नेत होते. वसई रोडच्या फलाटावर उतरल्यावर त्यांनी मला अठराव्यांदा विचारलं, आपण कुठे चाललो. मी मोजत होते, कारण तेव्हा मला त्यांचा राग मोजायची सवय लागली होती. मी म्हटलं, "बाबा, आता पाच मिनिटं तोंड बंद ठेवा." आणि त्यांचा हात सोडून ऑफिसचा फोन घेतला.

फोन चार मिनिटांचा होता. वळून बघते तर बाबा नाहीत. नंतर कॅमेऱ्यात दिसलं की ते जिना चढून पलीकडच्या फलाटावर गेले, दिव्याला जाणारी गाडी उभी होती तिच्यात चढले आणि खिडकीपाशी बसले. अगदी शांतपणे, रोज त्याच गाडीने जाणाऱ्या माणसासारखे. ती गाडी सुटली, आणि त्यानंतर ते कुठेच उतरताना दिसले नाहीत. त्या लाइनवर निम्म्या ठिकाणी तेव्हा कॅमेरेच नव्हते.

मर्सी माझ्या ऑफिसातली, पापडीची. आदल्या दिवशी ती घरच्यांबरोबर जूचंद्रला दिवाळीतलं रांगोळीचं प्रदर्शन बघायला गेली होती. जूचंद्रची रांगोळी म्हणजे दारातले ठिपके नव्हेत. तिथले लोक जमिनीवर चिमटीने रंग सोडून माणसांचे हुबेहूब चेहरे काढतात, कातडीवरच्या सुरकुत्या आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा. मर्सीने पाच-सहा फोटो पाठवले होते आणि त्यातल्या एकाखाली लिहिलं होतं, विनी, हे काका तुझ्या बाबांसारखे नाही वाटत?

वाटत कसले, होतेच. गालफडं बसलेली, पांढरी दाढी छातीपर्यंत आलेली, केस वाढून मानेवर चिकटलेले, अंगात कुणाचातरी कॉलर फाटलेला चौकड्यांचा शर्ट. पण कपाळ बाबांचं, डोळे बाबांचे, आणि डाव्या भुवईला मधोमध चिरत गेलेली ती खूण. तरुणपणी खांबावरून पडले होते, तेव्हाची. आमच्या पोस्टरवरच्या फोटोत ही खूण चष्म्याच्या जाड फ्रेममागे झाकलेली आहे. म्हणजे ज्याने ही रांगोळी काढली त्याने बाबांना चष्म्याशिवाय, समोर उभं राहून बघितलं होतं. शिवाय जूचंद्र त्याच दिवा लाइनवर, वसई रोडनंतरचं पहिलंच स्टेशन. चौदा महिन्यांत इतकी पक्की गोष्ट कधीच हाताला लागली नव्हती.

मी फोन आईपुढे धरला. तिने चष्मा लावला, काढला, पदराने पुसून पुन्हा लावला. मग म्हणाली, "वाळलेत." एवढंच. उठली आणि साडी बदलायला गेली.

मर्सीला फोन केला. तिने सांगितलं की रांगोळीशेजारच्या पाटीवर 'प्रवासी' असं लिहिलेलं होतं आणि खाली नाव होतं, अनुज, कलाशिक्षक. नंबर नव्हता. आयोजकांचा जो नंबर फलकावर होता तो मी अकरा वेळा लावला, कुणी उचलला नाही. आणि मर्सी म्हणाली, विनी, आज शेवटचा दिवस आहे. पाच वाजता सगळं पुसतात, उद्या शाळा उघडतेय. पोलीस चौकीत फोन केला तर तिथले साहेब म्हणाले, मॅडम, आधी तुम्ही बघून या, खात्री करा, मग आपण बघू. चौदा महिने ते हेच म्हणताहेत.

बोळिंजहून थेट रिक्षा केली असती तर तासाभरात पोचलो असतो. पण आई मांडी ठोकून बसली. म्हणाली, हे ज्या गाडीने गेले त्याच गाडीने जायचं. मी म्हटलं, आई, आज हट्ट नको, त्या गाड्या दिवसातून मोजून चार-पाच असतात. ती म्हणाली, असू देत, तोवर मी वाट बघेन. तिच्याशी वाद घालण्यात आणखी अर्धा तास गेला असता. तिने पिशवीत बाबांचा धुतलेला शर्ट, गोळ्या आणि जुना चष्मा भरला, आणि आम्ही निघालो.

अडीचला आम्ही वसई रोडच्या त्याच फलाटावर होतो. गाडी तीनला सुटली. डबा निम्मा रिकामा होता. समोर भाजीच्या टोपल्या घेऊन दोन बाया बसल्या होत्या, दारात कामगार. आई खिडकीपाशी बसली आणि बाहेर बघायला लागली. मला कळलं की ती बाहेर बघत नाहीये, बाबांनी काय बघितलं असेल ते बघतेय. आधी बिल्डिंगांच्या मागच्या बाजू, मग गवत, मग भात कापून मोकळी झालेली शेतं, लांब मिठागरांची चकाकी.

एका स्टेशनाचं अंतर, दहा-पंधरा मिनिटांचं काम. आणि गाडी मध्येच थांबली. पुढून मालगाडी जायची होती. त्या लाइनवर मालगाडीला मान आधी, माणसांना नंतर. एक मालगाडी गेली, डबे मोजून माझं डोकं उठलं. गाडी हलली नाही. मग कुणीतरी म्हणालं, अजून एक आहे.

सव्वातीन झाले, साडेतीन झाले. खिडकीतून जूचंद्रचा डोंगर दिसत होता, वरचं चंडिकेचं देऊळ दिसत होतं. गाव जुनं, देवी त्याहून जुनी, लोक लांबून दर्शनाला येतात. मी त्या गावात आठ वेळा गेले होते आणि एकदाही डोंगराकडे मान वर करून बघितलं नव्हतं. मी यायचे ती खळीचा डबा, ब्रश आणि पोस्टरांचा गठ्ठा घेऊन. स्टेशनच्या जिन्याशी एक, तळ्यापाशी एक, शाळेच्या भिंतीला एक. मग पुढचं स्टेशन.

इथे एक गोष्ट कबूल करते. आईला वाटत होतं की मी अजूनही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पोस्टरं लावायला जाते. मी मे महिन्यापर्यंत गेले. जूनच्या रविवारी पाऊस होता, मी वसई रोडला उतरले, दिव्याची गाडी समोर उभी होती, आणि माझे पाय उचलेनात. मी रिक्षा केली आणि पापडीला मर्सीकडे गेले. तिने जेवायला वाढलं, आम्ही गप्पा मारल्या, मी हसले. घरी आल्यावर आईने विचारलं, लावलीस? मी म्हटलं, लावली. जुलैला तसंच, ऑगस्टला तसंच. पोस्टरांचा गठ्ठा माझ्या ऑफिसच्या कपाटात आहे. मी बाबांना शोधायचं सोडून दिलं होतं, आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

म्हणून त्या डब्यात बसल्या बसल्या मी देवाला नाही, त्या रांगोळीला हात जोडत होते. बाबा सापडले तर हे सगळं झाकलं जाईल. फक्त पाचच्या आत पोचलं पाहिजे आणि तो अनुज तिथे असला पाहिजे. त्याला एवढंच विचारायचं होतं, कुठे बघितलंस.

पावणेचारला आई उठून दारापाशी गेली. मी मागे धावले. ती दांडा धरून खाली खडीकडे बघत होती. म्हणाली, "चालत जाऊ. देऊळ दिसतंय."

मी म्हटलं, "आई, गुडघे तुझे जिना चढताना कुरकुरतात आणि तू रुळांवरून चालणार?"

"तू नको येऊस मग," ती म्हणाली.

दारातल्या कामगाराने तिला हात आडवा केला, म्हणाला, माताजी, बैठो, अभी छोडेगा. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं, जरा जास्तच जोरात. चार वाजून दहा मिनिटांनी गाडी हलली तेव्हा तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ दिसत होते.

जूचंद्रला उतरून आम्ही जिन्याशी आलो. तिथे माझं पोस्टर होतं, म्हणजे कागद होता. मी आईला दुसऱ्या बाजूने वळवलं आणि लगबगीने बाहेर काढलं. रिक्षा मिळाली नाही. आई माझ्यापुढे चालत होती. बहात्तर वर्षांची बाई, पण मला तिला गाठताना धाप लागली. गल्ल्यांमधून तुळशीवृंदावनांना गेरू लावायचं काम चाललं होतं, दारोदार उसाच्या मोळ्या टेकवून ठेवलेल्या होत्या. एका बाईला शाळा विचारली. ती म्हणाली, "रांगोली बगाला आलाव? बेगीन जा, पुसाला घेतली आसल."

शाळेच्या हॉलमध्ये आम्ही शिरलो तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. आत उकडत होतं. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, पंखे बंद. जमिनीवर ओळीने चेहरे होते, शेतकरी, नवरी, देव, पुढारी, रडणारं मूल, आणि भोवती सुतळी बांधलेली. दारापाशी चार-पाच जण झाडू आणि गोणी घेऊन तयार उभे होते. मी प्रत्येक चेहरा ओलांडत धावत होते आणि आई थेट कोपऱ्यात गेली. तिला कुणी दाखवायची गरज पडली नाही.

बाबा तिथे जमिनीवर होते. फोटोत मी एवढं बघितलं नव्हतं. ओठ उन्हाने फुटलेले होते. डोळ्यांखाली काळं. मानेची शीर ताणलेली. पापणीच्या कडेला चिपड होतं, तेसुद्धा त्याने काढलं होतं. आई सुतळीच्या अलीकडे खाली बसली. हात पुढे नेला आणि मागे घेतला.

शेजारी स्टुलावर एक चाळिशीचा माणूस बसला होता, बोटांच्या पेरांत रंग अडकलेला. मी त्याला विचारलं, तुम्ही अनुज का. तो उठून उभा राहिला. मी म्हटलं की हे माझे वडील आहेत आणि ही माझी आई.

त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आनंदाने विचारलं, "सापडले का ते?"

मला काही कळलं नाही. म्हणजे कळलं, पण मी ते कळून घ्यायला तयार नव्हते. मी म्हटलं, आम्ही तुम्हालाच विचारायला आलोय. तुम्ही यांना कुठे बघितलंत?

"मी नाय बघितलं ताई," तो म्हणाला. "कागदावर बघितलं. स्टेशनच्या जिन्याशी तुमचा कागद हाय ना."

मी भुवईवर बोट ठेवून म्हटलं, ही खूण फोटोत नाहीये. ही खूण तुम्ही कुठून काढलीत. माझा आवाज चढला होता, झाडूवाले आमच्याकडे बघायला लागले.

"खाली लिवलेलं ना," तो हळू म्हणाला. "डाव्या भुवईवर जुनी जखम."

लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं. ओळखीची खूण या शब्दांपुढे, माझ्याच हाताने. दीडशे पोस्टरं छापून घेतली आणि त्यावर काय लिहिलंय ते मी विसरले होते. बाबा विसरायचे तेव्हा मला किती राग यायचा.

आईने जमिनीवरून मान वर केली. "मग ही दाढी?"

अनुज तिच्यासमोर उकिडवा बसला. तो शाळेत चित्रकला शिकवतो, आणि एखाद्या मुलाला समजवावं तसं तो तिला समजावून सांगत होता. मावशी, तो म्हणाला, तारीख बघितली कागदावरची. इतके महिने झाले, बाहेर कोण करील त्यांची दाढी. जेवण रोज मिळत नसेल, म्हणून गाल आत घेतले. ऊन लागलं असेल. चष्मा तर पहिल्या महिन्यातच फुटला असेल. "मी बोल्लो, कागदावरचा मानूस आता कोनालाच नाय दिसनार. आता ते जसे असतील तसे काढू. दहा दिवसांत हजारो लोक येतात. कोनी तरी बोलेल, मी ह्यांना बघितलंय."

"बोललं कोणी?" आईने विचारलं.

"नाय मावशी."

मला त्याचा राग येत होता आणि राग करायला काही कारण सापडत नव्हतं. म्हणून मी कारण शोधलं. म्हटलं, एवढं सगळं केलंत तर आम्हाला एक फोन नाही करता आला? त्याने खिशातून मोबाइल काढला आणि फोटो दाखवला. आमच्या पोस्टरचा, पण फक्त चेहरा. कडेला कडा लावून, व्यवस्थित, कपाळापासून हनुवटीपर्यंत. पावसाळा लागला तेव्हा कागदावरचा रंग उतरायला लागला, म्हणून चेहरा जायच्या आत त्याने तो टिपून ठेवला होता. नंबर खाली होता. चित्रकाराला चेहरा हवा होता, नंबर टिपायचं त्याच्या मनातच आलं नाही. रांगोळीला बसला तेव्हा पुन्हा जिन्याशी गेला, तर तोवर कागद पांढरा झाला होता.

"माझी चूक हाय," तो म्हणाला. "पन मी रोज बघायचो. आज नवीन कागद लावतील, उद्या लावतील. आदी तर दर म्हैन्याला नवीन असायचा. जूनपासून कोनी लावलाच नाय. मग मला वाटलं, घरच्यांनी सोडलं."

आईने माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं ती विचारेल. ती विचारते, तिचा स्वभाव आहे, दुधाचा हिशेब चुकला तरी ती तीनदा विचारते. ती नुसती बघत राहिली आणि मी तिच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. मी म्हटलं, "मी पापडीला जायचे. मर्सीकडे." तेवढंच बाहेर पडलं. माझी इच्छा होती की तिने तिथे सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारावी. तिने मान फिरवली आणि पुन्हा रांगोळीकडे तोंड केलं. मी तिच्यासाठी त्या हॉलमध्ये उरलेच नव्हते.

दारातून कुणीतरी हाक मारली, मास्तर, पाच झाले. त्या गावात ज्याची रांगोळी त्यानेच पुसायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. बाकीच्यांनी सुरुवात केलीही होती. नवरी गेली, शेतकरी गेला. अनुजने हात वर करून थांबा म्हटलं.

"बाळा," आई त्याला म्हणाली, "ह्यांची दाढी काढ."

तो गोंधळला.

"ह्यांना दाढी वाढलेली चालत नाही. अंगात ताप असला तरी दाढी करायचे. असं नको ठेवूस. दाढी काढ आणि गाल भर."

त्याने सांगितलं की मावशी, रांगोळी खोडता येत नाही, फक्त वर रंग टाकता येतो, आणि आता वेळ नाही. आई म्हणाली, टाक मग वर. ती विनवत नव्हती, हुकूमही देत नव्हती. स्वयंपाकघरात मीठ मागावं तसं मागत होती. आयोजकांपैकी एक जण पुढे आला, काय चाललंय ते त्याला कुणीतरी कानात सांगितलं, आणि तो मागे जाऊन उभा राहिला.

अनुजने डबे उघडले. सुतळी सोडवून तो बाबांच्या हनुवटीपाशी एका गुडघ्यावर ओणवा झाला, डाव्या तळव्यात त्वचेचा रंग घेतला आणि उजव्या चिमटीने सोडायला लागला. आई सांगत होती. इथून भर. अजून थोडं. हे गोरे नव्हते रे, पण इतके काळेही नव्हते. गाल भरत आले. कानाजवळची दाढी गेली. गळ्यावरची गेली. माझ्या डोळ्यांदेखत कुणीतरी बाबांना जेवायला घालत होतं. मी हुंदका आवरायला तोंडावर हात दाबला, कारण श्वास जोरात लागला तरी रंग उडतो असं तिथे लिहून ठेवलेलं होतं.

मग तो ओठांपाशी आला. दाढी-मिशीखाली ओठांची फक्त एक रेघ होती. त्याने विचारलं, "मावशी, तोंड कसं होतं? हसताना कुठली बाजू वर जायची?"

आई म्हणाली, "डावी." मग म्हणाली, "नाही, थांब."

त्याने चिमूट तशीच धरून ठेवली.

मी म्हटलं, उजवी. मला खात्री होती. मग मला खात्री राहिली नाही. मी मोबाइल उघडून फोटो शोधायला लागले. पोस्टरचा फोटो, पासबुकासाठी काढलेला, त्यात तोंड घट्ट मिटलेलं. एका लग्नातला, त्यात ते जेवताहेत. एकात पाठ. चौदा महिने मी एकच फोटो लोकांपुढे नाचवत होते आणि बाकीचे बाबा माझ्याकडे नव्हतेच.

आई डोळे मिटून बसली होती. ओठ हलत होते, ती तिच्या मनातल्या माणसाला हसवून बघत असावी. एकावन्न वर्षांचा संसार. अनुज वाट बघत होता, झाडूवाले वाट बघत होते. मग तिने डोळे उघडले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून म्हणाली, "विने, मला आठवत नाही गं."

मला तिला काहीतरी सांगायचं होतं, डावी म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी तिच्याशी जूनपासून खोटं बोलत आले होते, पण ते एक मला जमलं नाही.

"राहू दे," ती अनुजला म्हणाली. "तोंडावर दाढी राहू दे. दाढीखाली असेल ते बरोबर असेल."

त्याने पांढरा रंग घेतला आणि ओठांभोवतीची दाढी पुन्हा नीट केली. मी वाकून फोटो काढला, भरल्या गालांचा, अर्ध्या दाढीचा. आईने बघितलं आणि अडवलं नाही. बाकी हॉल तोवर रिकामा झाला होता, फरशीवर नुसते रंगांचे ओघळ. अनुजने खराटा आणला, पण तो उचलेना. तेव्हा आईच म्हणाली, "पूस बाळा, तुझ्या लोकांना उशीर होतोय."

त्याने कडेने सुरुवात केली. शर्ट गेला, खांदे गेले, मान गेली. आई बसल्या जागेवरून हलली नाही, रंगांचा लोट तिच्या साडीच्या काठाशी येऊन थांबला. कपाळ सगळ्यात शेवटी गेलं. फरशी पुन्हा शाळेची फरशी झाली. सगळे रंग एकत्र होऊन त्यांची राखेसारखी भुकटी झाली आणि तो ती सुपलीने गोणीत भरायला लागला.

मी आईला उठवायला वाकले. ती माझा आधार न घेता भिंतीला धरून उठली, गुडघे चोळले आणि अनुजसमोर जाऊन उभी राहिली.

"पुढच्या दिवाळीला पुन्हा काढशील ना ह्यांना?"

"काढीन मावशी."

"मग तेव्हा एका वर्षाने म्हातारे कर."